जर्नलातली वंशावळ

शुभम चार वर्षांचा होता तेव्हा वाडीतली माणसं त्याच्या पोटऱ्यांवर थाप मारून कौतुक करायची. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी उतेकरांची वाडी आहे. शेतं उतारावर आणि घरं त्याहून वर, त्यामुळे पोराची ताकद तिथे पोटरीवरूनच जोखतात. शुभमच्या पोटऱ्या वयाच्या मानाने दांडग्या होत्या, गोल आणि घट्ट. "गड चढनारं पोर हाय हां आमचं," असं त्याची आजी, प्रयागबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तो जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर हात टेकायचा, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच पायांवरून वर चढत गेल्यासारखा उभा राहायचा. म्हाताऱ्यासारखा उठतो म्हणून सगळे हसायचे.

सहाव्या वर्षी तो सारखा पडायला लागला. नवव्या वर्षी उठेनासा झाला. त्याची बहीण तेजश्री त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तिने त्याला पाठुंगळीला मारून दोन वर्षं शाळेत नेलं, आणि मग त्याचं वजन तिला पेलेनासं झालं तेव्हा त्याची शाळा सुटली. तोवर तेल झालं, लेप झाला, महाडला टॉनिकच्या बाटल्या झाल्या. एकदा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. तिथून एक फाईल मिळाली, सगळी इंग्रजीत. ती शुभमच्या आईने, सुगंधाने, ट्रंकेच्या तळाशी लुगड्यांखाली ठेवून दिली. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं. पुन्हा कुणी गेलं नाही.

न जाण्याचं कारण वाडीत सगळ्यांना माहीत होतं. शुभमचा बाप सोमा जीप चालवायचा, वाडी ते पोलादपूर. शुभम पोटात असताना जीप दारापर्यंत यावी म्हणून त्याने वाट रुंद केली आणि त्यासाठी देवराईच्या कडेचं ऐनाचं एक झाड तोडलं. पोर पडायला लागल्यावर गुरवाने त्याकडेच बोट दाखवलं. सोमाने त्या दिवशी देवळापाशी चपला काढल्या आणि पोर नीट चालेपर्यंत पायात काही घालणार नाही असं बोलून बसला. सहा वर्षं तो अनवाणी होता. उन्हाळ्यात घाटातल्या डांबरावर उतरून टायर बदलायचा, तोही अनवाणी. टाचांच्या भेगांत माती जाऊन काळ्या रेघा झाल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांपेक्षा स्वतःच्या पापावर त्याचा विश्वास अधिक होता, आणि त्या पापाबद्दल तो घरात कधी बोलायचा नाही. फक्त शुभमला आंघोळीला उचलून नेताना तोंड दुसरीकडे करायचा.

तेजश्रीने दहावीनंतर सायन्स घेतलं तेव्हा प्रयागबाई म्हणाली, "डाक्टरीन होऊन भावाला उभा करशील काय गो?" म्हातारीने ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तेजश्रीलाही.

पोलादपूरच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायला अनुपमा मॅडम होत्या. महाडच्या, डॉक्टरांच्या घरातल्या, पण बोलायला सरळ. मराठी शाळेतून आलेली पोरं पहिले चार महिने इंग्रजी पुस्तकाकडे नुसती बघत बसायची, हे त्यांना ठाऊक होतं. "शब्दाला घाबरू नका," त्या म्हणायच्या. "शब्द म्हणजे अवयवाचं नाव. तुम्ही बकरी कापताना बघितली आहे ना? मग तुम्ही निम्मं शिकलात." त्यांचा एक नियम होता: जितके मार्क तितके मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा वेगळ्या ओळीवर. आकृती पेन्सिलने, नावं उजव्या बाजूला, रेघा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत. तेजश्रीची पहिली आकृती त्यांनी तीनदा खोडायला लावली होती. बारावीच्या वर्षी मात्र तीच आकृती त्या वर्गाला दाखवायच्या.

घरी अभ्यासाला जागा नव्हती. दुपारी जीप दारात उभी असायची, तेव्हा ती शुभमला मागच्या सीटवर उशांना टेकवून बसवायची आणि स्वतः समोर. पुस्तक त्याच्या मांडीवर. पान त्याला उलटता यायचं, बोटं अजून चालत होती. प्रश्न तो विचारायचा. शाळा सुटलेल्या त्या पोराला सुरुवातीला इंग्रजी शब्द वाचता येत नव्हते, तो अक्षरं सांगायचा आणि ती शब्द ओळखायची. पावसाळा संपेपर्यंत तो सगळं वाचायला लागला होता आणि मॅडमपेक्षा कडक झाला होता.

"चार मार्काचा प्रश्न हाय, तीनच मुद्दे सांगितलंस."

"चौथा तोच आहे रे, फिरवून लिहायचा."

"फिरवून नाय चालनार. आठव."

ती आठवायची. पुस्तक मिटल्यावर तो कधीकधी विचारायचा की ह्या सगळ्यात आपल्या पायांबद्दल कुठे लिहिलंय. स्नायूंचा धडा अकरावीला होऊन गेला होता आणि त्यात निरोगी स्नायू कसा चालतो एवढंच होतं. "पुढच्या पुस्तकात असेल," ती सांगायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी काम दिलं. आपल्या घराण्यातलं एक लक्षण घ्यायचं आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढायची. "जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी सुटी आहे की चिकटलेली, काहीही घ्या. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. लक्षण असेल तर आत काळं भरायचं, माणूस गेला असेल तर तिरकी रेघ. आणि खरी माणसं विचारून काढा, एकमेकांच्या वहीतून माणसं उतरवू नका."

तेजश्रीने जीभ घेतली. वाडीतली माणसं एका दुपारी झाली. प्रयागबाईची वळत नव्हती, सोमाची वळत नव्हती, सुगंधाची वळत होती. शुभम तर जिभेची नळी करून त्यातून शिट्टी वाजवायचा. मग भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी ती आजोळी, पाचाडला गेली.

तिची आजी गोदूबाई रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली चूल मांडून गडावर जाणाऱ्यांना पिठलंभाकरी आणि ताक द्यायची. सुट्टीची गर्दी होती. तेजश्रीने आधी तासभर ताक घुसळलं, गिऱ्हाईक जरा हटल्यावर वही काढली.

"आजी, जीभ काढ."

"काय गो? ताप नाय मला."

"ताप नाय. अशी वळव."

गोदूबाईने पटकन वळवून दाखवली आणि बोळक्या तोंडाने हसली. तेजश्रीने एक गोल काळा केला. मग भावंडं विचारली. तीन भाऊ, एक बहीण, सगळ्यांची वळायची, असं म्हातारीने भाकरी थापताथापता सांगितलं. तिच्या हाताला लय होती आणि त्या लयीतच तिची जीभ सुटली.

"नि आपला रघ्या! त्याचं हातपाय हलत नव्हतं, घास मी भरवायची, पन जीभ अशी वळवायचा नि मला हसवायचा. शेवटच्या दिसापर्यंत हसवलान त्यानं."

रघू म्हणजे तेजश्रीचा मामा, सुगंधाचा धाकटा भाऊ. तिच्या जन्माआधीच गेलेला. वाडीत सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की सतरा वर्षांचा असताना तो गडाच्या बुरजावरून पडला.

तेजश्रीने पेन्सिल खाली ठेवली. "हातपाय का हलत नव्हते?"

गोदूबाईचे हात भाकरीवर थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने उलटली नाही. समोर पुण्याकडची चार पोरं ताक मागत उभी राहिली, त्यांना तेजश्रीनेच दिलं. ती गेल्यावर म्हातारी चुलीपुढे तशीच बसली होती.

"तुज्या आयला इचार," ती म्हणाली.

"मी तुला विचारते. पोटऱ्या जाड होत्या का त्याच्या?"

गोदूबाईने पदराने डोळे पुसले आणि मग काही लपवलं नाही. रघूच्या पोटऱ्या जाड होत्या. तो मांड्यांवर हात टेकून उठायचा. दहाव्या वर्षी बसला तो पुन्हा उठला नाही. तो बुरजावर कशाने जाईल, त्याला ओसरीवर आणायला दोन माणसं लागायची. तिचे स्वतःचे दोन भाऊ तसेच गेले, एक वाचला. हिरकणीवाडीत दिलेल्या बहिणीचा थोरला तसाच गेला. रघू गेल्यावर दोन वर्षांनी सुगंधाला स्थळ आलं, पोलादपूरकडचं, चांगलं. इतक्या लांब कुणाला काय ठाऊक असणार होतं! तेव्हा बुरजाची गोष्ट सांगितली.

"नायतर माज्या पोरीला कोन करनार व्हतं?" गोदूबाई म्हणाली. "तू बोलू नको हां बाय. तिचा संसार मोडंल."

तेजश्रीने जर्नलाचं मागचं पान काढलं आणि दुसरी वंशावळ काढली. ही शिक्षकांना दाखवायची नव्हती. चौकोन काळे झाले: पणजीचे दोन मुलगे, आजीच्या बहिणीचा एक, आजीचा एक, आईचा एक. एकही गोल काळा नव्हता. पण प्रत्येक काळ्या चौकोनाकडे जाणारी रेघ एका गोलातूनच खाली उतरत होती. पुस्तकात हिमोफिलियासाठी अगदी हीच आकृती होती, रक्त न थांबण्याच्या आजारासाठी. दोन आठवड्यांपूर्वी शुभमने तिला ती आकृती पुस्तक मिटून काढायला लावली होती. तिने स्वतःचा गोल काढला आणि तो काळा करायचा, अर्धा करायचा की रिकामा ठेवायचा हे तिला कळेना. एसटी आली तेव्हा तो रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशी सुगंधा ओढ्यावर धुणं धूत होती. तेजश्रीने पिळे धरायला हात दिला आणि आजीने सांगितलेलं एका दमात सांगून टाकलं. सुगंधाने चादर पिळणं थांबवलं नाही.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तो पैल्यांदा मांडीवर हात टेकून उठला ना, तवाच. घरात सगळी हसली. मी चुलीम्होरं जाऊन बसले."

"मुंबईला डॉक्टरांनी विचारलं नाही?"

"इचारलं ना. तुज्या बापाला भायर पाठवून त्या बाईनं इचारलं, तुमच्या भावाला व्हतं काय असं? मी नाय म्हनले. ती म्हनली, तरी तुम्ही कॅरियर असाल, रक्त तपासू या. मी म्हनलं कॅरियर म्हंजे काय, जिपड्यावर असतं तसं? ती म्हनली हां, तसंच समजा. तुम्हाला काय व्हत नाय, तुम्ही फक्त वाहून आनता." सुगंधाने चादर झटकली. "म्हनून मंग परत गेले नाय. गोळ्या देनार व्हती ती. बरा नाय व्हनार म्हनली, पन अजून दोन वर्षं चालंल. ती दोन वर्षं मी खाल्ली त्याची."

"आणि बाबा? सहा वर्षं अनवाणी फिरतात ते."

"सांग मंग. जा, सांग तुज्या बापाला. मला पाचाडला धाडतील. मंग शुभमला उचलंल कोन, कूस बदलंल कोन, ते पन ठरव."

 तेजश्रीने बादली उचलली आणि आईच्या मागे चढ चढून वर आली. आईवर राग होता, पण आईचं खोटं आता आपल्याही तोंडात आहे, हे तिला चालताचालताच कळलं.

पुढचे तीन महिने तिने जो अभ्यास केला त्याला अभ्यास म्हणावं की दुसरं काही, कोण जाणे. तिने मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवले. सकाळच्या एसटीत उभ्याने संप्रेरकांच्या याद्या म्हटल्या. घरात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती पुस्तकातलंच बोलायची. वंशावळीच्या धड्यावर तिचा हात असा बसला की मॅडमनी वर्गात वही फिरवली. "हिच्यासारखं लिहा," त्या म्हणाल्या. तेजश्रीला ओशाळल्यासारखं झालं.

शुभमने तो धडा मात्र विचारायचा सोडून दिला होता. तो धडा आला की पानं एकदम उलटायचा. एकदा तिनेच म्हटलं, "अरे हा राहिला."

"तुला येतो तो." मग पुस्तकाकडेच बघत म्हणाला, "रघूमामाचा फोटो बगितलाय मी, पाचाडच्या आजीकडं. खाटल्यावर बसलेला. त्याचे पाय माज्यासारखेच हायत."

तिने काही सांगण्याआधीच त्याने पुढचा प्रश्न विचारला, नत्रचक्राचा, आणि ती चार मुद्द्यांत उत्तर देत गेली.

प्रॅक्टिकलला तिला तीसपैकी तीस मिळाले, हे मॅडमनी नंतर सांगितलं. बायोलॉजीचा लेखी पेपर शनिवारी होता. त्या आठवड्याच्या बुधवारी शुभमला ताप भरला आणि त्याला खोकता येईना. छातीत घरघर होती, ती वर ढकलून काढायला बळच नव्हतं. गुरुवारी सकाळी सोमाने त्याला जीपमध्ये घातलं आणि महाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि जुने कागद मागितले.

"पावसात भिजलं, टाकून दिलं," सुगंधा म्हणाली.

तेजश्री तिथेच उभी होती. ती बाहेर पडली, एसटीने वाडीत आली, ट्रंक उघडली आणि शुक्रवारी सकाळी फाईल घेऊन दवाखान्यात हजर झाली. आईकडे तिने बघितलं नाही. डॉक्टरांनी पानं चाळली, छातीला यंत्र लावून तपासलं आणि हृदयही थकलंय असं सांगून पुढच्या खाटेकडे गेले. फाईल खाटेवर राहिली.

सोमाने ती उचलून तेजश्रीपुढे धरली. "वाच. काय लिवलंय ते सांग. सहा वर्षं घरात हाय, कुनी वाचली नाय."

तिने वाचली. आजाराचं नाव वाचलं. मग तिला वाटलं, आता ह्या माणसाच्या डोक्यावरचा भार निदान उतरवावा. "बाबा, त्या झाडाचा काही संबंध नाय. हे जन्माच्या आधीपासून असतं. रक्तातनं येतं. तुम्ही झाड तोडलं नसतं तरी हेच झालं असतं."

सोमा स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. तिला वाटलं होतं तो रडेल, किंवा हसेल. मग त्याने मान वर केली.

"कुनाच्या रक्तातनं?"

तिची नजर आईकडे गेली.  सोमा वळला. सुगंधा शुभमच्या उशाशी बसून त्याच्या ओठांना ओलं फडकं लावत होती.

"रघू बुरजावरनं पडला व्हता ना?" त्याने विचारलं.

सुगंधाने फडकं पिळलं, वाटीच्या कडेवर ठेवलं. "नाय," ती म्हणाली.

त्याने आवाज चढवला नाही. तो बाहेर जाऊन जीपमध्ये बसला आणि दुपारपर्यंत आत आला नाही. दुपारी बाजारातून रबरी चपला घालून आला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही. सुगंधा त्या चपलांकडे बघून भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी प्रयागबाई आली, आणि तिने मात्र वॉर्डात सगळ्यांदेखत सुनेचा उद्धार केला. "खोट घेऊन आलीस माज्या घरात, नि माज्या लेकाला भोगायला लावलंस." शुभम जागा होता. ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

शनिवारी सोमाने तेजश्रीला जीपने पोलादपूरला केंद्रावर सोडलं.  तिने बारकोड चिकटवला, प्रश्नपत्रिका उघडली, आणि तो प्रश्न तिसऱ्या पानावर होता. वाहक स्त्री आणि निरोगी पुरुष यांच्या अपत्यांत आजार कसा उतरेल, आकृतीसह स्पष्ट करा. चार मार्क. तिने पेन्सिलने चौकट आखली आणि चारी घरं भरली. निरोगी मुलगा, आजारी मुलगा, निरोगी मुलगी, वाहक मुलगी. चार घरांपैकी शेवटच्या दोन घरांत आपण आहोत, त्यातलं कुठलं ते पेपर तपासणाऱ्याला कधी कळणार नाही, असं तिच्या मनात आलं. तिने चौथा मुद्दा लिहिला आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. तीन तासांत दोन पुरवण्या लागल्या. पेन एकदाही अडलं नाही, आणि ह्याचंच तिला नंतर किती दिवस वाईट वाटत राहिलं.

दवाखान्यात परत आली तेव्हा शुभमचा मास्क काढला होता. त्याने आधी विचारलं, "मी इचारलेलं किती आलं?"

तिने प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवत मोजलं. "एकोणीस."

"तरी बरं," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

त्या खेपेला तो घरी आला. एप्रिलमध्ये पुन्हा छाती भरली. एका सकाळी सुगंधा त्याला चहात बुडवून बटर भरवत होती, दुसरा घास त्याने गिळला नाही. जीप काढेपर्यंत तो गेला होता. तेरा वर्षं आणि दोन महिन्यांचा.

तेराव्यापर्यंत सुगंधाला कुणी काही बोललं नाही. चौदाव्या दिवशी गोदूबाई आणि तिचा वाचलेला म्हातारा भाऊ वाडीत आले, ओसरीवर बसले, आणि सुगंधाने स्वतःच पिशवी भरली. सोमाने तिला थांबवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तो विहिरीवर पंपापाशी काहीतरी करत राहिला. डॉक्टरीच्या प्रवेशाची नीट परीक्षा त्यानंतर चौथ्या दिवशी होती. तेजश्रीचं हॉल तिकीट आलेलं होतं. ती गेली नाही. अनुपमा मॅडम वाडीपर्यंत चालत आल्या, पुढच्या वर्षी देशील का म्हणाल्या. ती नुसती मान हलवत राहिली, हो की नाही ते मॅडमना कळलं नाही.

निकाल मेअखेर लागला. बायोलॉजीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. मॅडमचा फोन आला तेव्हा ती नाचणीचा वाफा भाजत होती. वाडीतल्या बायका येऊन हातावर साखर ठेवून गेल्या. प्रयागबाईने देवापुढे दिवा लावला आणि नातीच्या गालावरून हात फिरवता फिरवता एकदम ओक्साबोक्शी रडायला लागली.

कॉलेजात गुणगौरव झाला. शाल, श्रीफळ, काचेचा कप. मॅडमनी सांगितलं, अभ्यास कसा केला ते दोन शब्दांत सांग, अकरावीच्या मुलांना उपयोग होईल. तेजश्री माईकपाशी गेली. "रोज दुपारी दोन तास," ती म्हणाली. "एका माणसाने प्रश्न विचारायचे. जितके मार्क तितके मुद्दे. चुकलं की त्याने पुढे जाऊ द्यायचं नाही." एवढं बोलून ती खाली येऊन बसली. टाळ्या झाल्या.

सोमा मागच्या रांगेत होता. परत येताना घाटाच्या तोंडाशी त्याने जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तुला दिवाळीलाच कळलं व्हतं ना?"

"हो."

"मंग मला का नाय सांगितलंस?"

तिच्याकडे उत्तर होतं, आईने ओढ्यावर दिलेलं. शुभमला कोण उचलेल. पण आता ते उत्तर देण्यासारखं राहिलं नव्हतं.

"तिनं सहा वर्षं," सोमा म्हणाला, "नि तू चार म्हैने. रोज माजे पाय बगत व्हतीस." त्याने जीप सुरू केली. त्यानंतर त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही. तसा इतरही कशावर फारसा बोलला नाही.

जूनमध्ये तेजश्रीने महाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि पाचाडला आईकडे राहायला गेली. तिथून एसटी बरी पडते, असं तिने आजीला कारण सांगितलं. प्रयागबाईला ते पटलं नाही, पण तिने अडवलं नाही. पहिल्याच दिवशी पत्र्याखाली भाकऱ्या थापताना सुगंधाने विचारलं, "तो प्रश्न आला व्हता का गो पेपराला? आमचा?"

"आला होता."

"काय लिवलंस?"

"आहे तेच लिहिलं."

"दिले मार्क?"

"पुरे दिले असतील. दोनच कुठेतरी गेलेत."

सुगंधाने भाकरी उलटली. "बरं झालं," ती म्हणाली. गिऱ्हाईक आलं होतं, ती कांदा फोडायला लागली.

ह्याला दोन वर्षं होत आली. सोमा सुगीला तांदळाची दोन पोती दुसऱ्या जीपवाल्याच्या हाती पाचाडला पाठवतो, स्वतः येत नाही. सुगंधाही वाडीत गेलेली नाही, वर्षश्राद्धालासुद्धा नाही. तेजश्रीला दोन स्थळं सांगून आली, बायोलॉजीतले मार्क ऐकून. दोन्ही वेळा तिने पाहुण्यांना चहा दिला आणि बसल्याबसल्या मामाचं आणि भावाचं काय झालं ते सांगून टाकलं, आपल्यातही असू शकतं हेही सांगितलं. पाहुण्यांनी चहा संपवला, माणसं चांगली होती, परत मात्र आली नाहीत. मॅडमनी मुंबईतल्या एका तपासणीकेंद्राचा पत्ता लिहून दिला आहे. रक्ताचा एक नमुना द्यायचा, महिन्याभरात कळतं. तेजश्रीने दोनदा तारीख घेतली आणि दोनदा ती तारीख गेली. तिला भीती वाटते असं आईला वाटतं. खरं म्हणजे भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी आहे, पण ते काय हे तिला अजून मुद्द्यांत मांडता आलेलं नाही, आणि जर्नलाच्या मागच्या पानावरचा तिचा गोल अजून रिकामाच आहे.